मंगळवारातून सोमवारात

समोआतल्या अपियाहून फालेओलो विमानतळ साधारण ३५ किलोमीटर पश्चिमेला. टॅक्सीला पाऊण तास लागला. तिथून अमेरिकी समोआतलं पागो पागो सरळ रेषेत १५० किलोमीटर, उड्डाण ३५-४० मिनिटांचं. टॅक्सीत जास्त वेळ, विमानात कमी. त्यात पागो पागो पूर्वेला. म्हणजे टॅक्सीने जेवढं पश्चिमेला आणलं, तेवढं विमान पहिल्या सात-आठ मिनिटांत उलटं कापून टाकतं.

काउंटरवर बॅग काट्यावर ठेवली, उचलली. मग बाईंनी मलाच काट्यावर चढायची खूण केली, खांद्यावरच्या पिशवीसकट. विमान ट्विन ऑटर, १९ आसनांचं. कोण किती जड आणि कुठे बसलाय, यावर एवढ्याशा विमानाचा तोल ठरतो. तिथे अंदाज चालत नाही. बाई लिहीत होत्या : माणूस, बॅग, माणूस, खोकं. मागचे धिप्पाड आजोबा काट्यावर उभे राहिले तेव्हा मी आकडा बघितला आणि ओशाळलो. बाकी कुणीच बघत नव्हतं. बाईंनी बेरीज केली, दोघांच्या जागांची अदलाबदल केली आणि एक खोकं बाजूला सरकवलं. ते पुढच्या फेरीला. खोकंवाल्याने हूं की चूं केलं नाही.

ट्विन ऑटरमध्ये इंजिनांच्या दांड्या छताला असतात. धावपट्टीवर वेग घेताना पायलटने हात वर नेला, तो थेट लोकलमधली कडी धरल्यासारखा. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नसल्याने हे विमान फार उंच चढत नाही. प्रवाळावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी कड खिडकीतून स्पष्ट दिसत होती. जवळजवळ निम्मा वेळ खाली अपियाचं उपोलू बेटच होतं. मग नुसतं पाणी, आणि त्या पाण्यात कुठेतरी वाररेषा.

ही रेषा म्हणजे निव्वळ व्यापाराचा मामला. १८९२ साली अमेरिकेशी वार जुळावा म्हणून समोआने ४ जुलै दोनदा साजरा केला. २०११ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी जुळवून घेताना उलट केलं : २९ डिसेंबरचा गुरुवार संपला आणि थेट ३१ तारखेचा शनिवार उजाडला. शुक्रवार गायब. अमेरिकी समोआ जागचा हलला नाही. आता दोघांत बरोबर चोवीस तासांचं अंतर, त्यामुळे घड्याळाला हातही लावावा लागत नाही. बदलतो तो फक्त वार.

परदेशात काय वाट्टेल ते खा, पण सोमवार मोडू नकोस, असं आईने निघताना बजावलं होतं. आदल्या दिवशी तो नीट पाळला होता. मंगळवारी सकाळी भरपेट नाश्ता करून निघालो. पागो पागोला कागद पुढे केला, तर अधिकाऱ्याने मान वर न करता माझी तारीख खोडली आणि आदल्या दिवसाची घातली.

सोमवार. सकाळचे पावणेदहा. आणि पोटात दोन अंडी.