अँटेना केबलचा प्लग

अँटेना केबलचा प्लग हा दूरचित्रवाणी संचाच्या अँटेना-खाचेत बसणारा, समाक्ष केबलच्या टोकाला लावलेला धातूचा जोड होय. बोलीभाषेत त्याला नुसते 'पिन' असेही म्हणतात. चाकू, पक्कड आणि लहान स्क्रू-ड्रायव्हर एवढ्या साधनांनी तो घरी बसवता येतो. चित्र अस्पष्ट येणे किंवा मध्येच नाहीसे होणे, या तक्रारींचे मूळ अनेकदा संचात नसून या जोडात असते.

पार्श्वभूमी

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळात छतावरील यागी-उदा अँटेनापासून संचापर्यंत बहुधा ३०० ओहमची चपटी, दुपदरी तार आणली जाई. तिचे दोन्ही पदर संचामागील दोन स्क्रूंना बांधले की जोडणी पूर्ण होई. पुढे ७५ ओहमची गोल समाक्ष केबल रूढ झाली. तिच्यातही दोनच वाहक असतात. परंतु एक वाहक दुसऱ्याच्या पोटात असल्यामुळे टोक सोलताना अधिक काळजी घ्यावी लागते.

केबलची रचना

केबलच्या मध्यभागी एकसंध तार असते. तिच्याभोवती पांढऱ्या प्लॅस्टिकचे विद्युतरोधक आवरण, त्यावर धातूचा पातळ पापुद्रा व बारीक तारांची विणलेली जाळी आणि सर्वांत बाहेर जाड वेष्टन असते. संकेत केवळ मधल्या तारेतून येतो, हा समज अपुरा आहे. तो मधली तार आणि जाळी यांच्या दरम्यान विद्युतचुंबकीय तरंगाच्या रूपाने प्रवास करतो. त्यामुळे जाळीची जोडणीही मधल्या तारेइतकीच महत्त्वाची ठरते. घरगुती वापरातील आरजी-६ केबलची मधली तार सुमारे १ मिमी, तर संपूर्ण केबल सुमारे ७ मिमी जाडीची असते.

प्लगचे प्रकार

दूरचित्रवाणी संचासाठी दाबून बसवायचा प्लग सर्रास वापरला जातो. तो १९२० च्या दशकात इंग्लंडमधील बेलिंग अँड ली या कंपनीने विकसित केला. त्याचा बाहेरील व्यास सुमारे ९.५ मिमी असतो. सेट-टॉप बॉक्स व उपग्रह-तबकडी (बोलीत 'छत्री') यांसाठी आट्यांचा एफ-प्लग लागतो. त्यात वेगळी पिन नसते. केबलची मधली तार हीच पिनचे काम करते.

बसवण्याची पद्धत

दाबून बसवायच्या प्लगचे टोपी, जाळी धरणारी पकड आणि मधल्या पिनेसह मुख्य भाग असे तीन प्रमुख घटक असतात.

१. प्रथम टोपी व नंतर पकड केबलवर ओवून घ्यावी. हे विसरल्यास शेवटी सर्व जोडणी उकलावी लागते.
२. टोकाकडील सुमारे ३० मिमी वेष्टन हलक्या हाताने गोल कापून काढावे. चाकू जाळीपर्यंत रुतू देऊ नये.
३. जाळी मागे वळवून वेष्टनावर समान पसरावी, उरलेला भाग कापावा आणि तिच्यावर पकड सरकवून घट्ट करावी.
४. पापुद्रा कापून विद्युतरोधक आवरण सुमारे १५ मिमी सोलावे. मधल्या तारेवर चर पडू देऊ नये. चर पडलेली तार वाकताच तुटते.
५. मधली तार पिनेत घालावी आणि रचनेनुसार स्क्रूने आवळावी किंवा डाख द्यावा. डाख झटपट द्यावा. अधिक उष्णतेने आवरण वितळते. अ‍ॅल्युमिनिअमच्या जाळीला साधा डाख धरत नाही, म्हणून तिथे पकडीचा दाबच पुरेसा असावा लागतो.
६. जाळीचा एकही धागा मधल्या तारेला टेकत नाही याची खात्री करून टोपी आवळावी.

चाचणी

केबलचे दुसरे टोक मोकळे ठेवून मल्टिमीटरने पिन व प्लगचे अंग यांमध्ये तपासावे. तिथे विद्युतमार्ग जुळता कामा नये. दुसरे टोक अँटेनाला जोडलेले असल्यास अनेक प्रकारच्या अँटेनांत मार्ग जुळलेला दिसतो. तो दोष नव्हे. केबलवरील ७५ ओहम हा आकडा मल्टिमीटरवर दिसत नाही, कारण तो उच्च वारंवारतेच्या तरंगाला लागू होणारा गुणधर्म आहे.

दोष व लक्षणे

अ‍ॅनॅलॉग प्रक्षेपणात सैल जोडामुळे पडद्यावर 'मुंग्या' दिसत. चेपलेल्या केबलमुळे तरंग परावर्तित होऊन दुहेरी प्रतिमा उमटे. डिजिटल प्रक्षेपणात मात्र संकेत काही मर्यादेपर्यंत क्षीण झाला तरी चित्र स्वच्छ राहते. त्यापुढे ते चौकटींत फुटते व नाहीसे होते. त्यामुळे अर्धवट जोड बरेच दिवस लक्षात येत नाही. पावसाने उपग्रहाचा संकेत आणखी क्षीण झाला, की तो उघडकीस येतो.

सुरक्षितता

काम सुरू करण्यापूर्वी संच व सेट-टॉप बॉक्स यांचे वीजप्लग काढावेत. उपग्रह-तबकडीच्या केबलमधून तबकडीवरील उपकरणाला १३ किंवा १८ व्होल्टचा दाब पुरवला जातो. तो चालू असताना मधली तार जाळीला टेकल्यास बॉक्स बिघडू शकतो. ढगांचा गडगडाट सुरू असताना बाहेरून आलेल्या केबलला हात लावू नये. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झुकलेले वळण द्यावे, म्हणजे पावसाचे पाणी तिथूनच गळते आणि जोडापर्यंत पोहोचत नाही.