फोटो असलेला जवान आणि फोटो नसलेला जवान

कोकणातल्या कित्येक घरांत मधल्या दारावर एक तसबीर हमखास असते. अंगात लष्करी गणवेश, छातीवर बिल्ले आणि चेहऱ्यावर फोटो काढून घ्यायची सवय नसलेल्या माणसाचा ताठपणा. काही घरांत तसबिरीच्या जागी वर्तमानपत्राचे पिवळे पडलेले कात्रण काचेखाली दाबून ठेवलेले असते. हा कोण, असे नातवंडांना विचारले तर "आजोबांचे कुणीतरी, लढाईत गेले" एवढेच उत्तर मिळते. नाव, पलटण, साल विचारले की घरात शांतता पसरते.

ज्याचा फोटो छापून आला तो लोकांच्या लक्षात राहिला. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांचेच उदाहरण पाहा. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या या तरुणाच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्या हाताखालचे सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे पुढे धावले. बॉम्ब टाकून त्यांनी ती मशीनगन बंद पाडली आणि एकाला गोळीने टिपले. नवीन गोळ्या भरायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. त्यानंतर शत्रूच्या गोळ्या लागून ते तिथेच पडले. वय अवघे २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो त्यांच्या पत्नीने स्वीकारला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. परंतु या वीराची कबर कुठेच नाही, इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर फक्त नाव आहे.

आता दुसरी बाजू पाहू. त्या दिवशी घाडग्यांच्या तुकडीत जे पडले, तेही कुणाचे तरी मुलगे होते. त्यांचे फोटो किती घरांत असतील? शौर्याला पदक मिळाले की फोटो छापला जातो. नुसत्या मरणाला तारेचा कागद मिळायचा. तोही पावसाळ्यात भिजतो, वाळवी खाते, घर बदलताना हरवतो.

आपल्या समाजाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. भीमा कोरेगावच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर उभारलेल्या स्तंभावर मृतांची ४९ नावे आहेत. त्यांतली २२ नावे 'नाक'ने संपतात. त्या काळी फोटो नव्हता, परंतु साध्या शिपायाचे नाव दगडात कोरलेले आहे. पुढे १८९२ च्या सुमारास महार शिपायांची लष्करभरती बंद झाली. वर्तमानपत्रांत फोटो छापायला सुरुवात झाली तो हाच काळ. ज्या वर्षांत गणवेशातले चेहरे कागदावर येऊ लागले, त्याच वर्षांत आपल्या मुलांच्या अंगावरून गणवेश उतरला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडलीही गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४१ साली संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची स्थापना झाली. म्हणून आपल्या घरांतल्या बहुतेक तसबिरी १९४१ नंतरच्या आहेत. त्याआधीचा शिपाई सापडलाच तर नावाने सापडतो, चेहऱ्याने नाही.

कधी कधी तर नावानेही सापडत नाही. पहिल्या महायुद्धात इराकमध्ये मराठा पलटणी लढल्या. कुतच्या वेढ्यात त्यांनी उपासमार सोसली. त्या मोहिमेतील मृतांसाठी बसऱ्याला १९२९ साली मोठे स्मारक झाले. त्यावर इंग्रज शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत. साध्या हिंदी शिपायांची मात्र नावे नाहीत, अमुक पलटणीचे इतके मेले असा नुसता आकडा आहे. युद्धस्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात ही विषमता मान्य केली आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, चूक चूक ठरली. पण माफीने नाव परत येत नाही.

स्वतंत्र भारतात चित्र बदलले. पूर्वीच्या युद्धांत जवानावर बहुधा आघाडीजवळच अंत्यसंस्कार होत आणि घरी निरोप व सामान येई. १९९९ च्या कारगिल युद्धात तिरंग्यात लपेटलेल्या पेट्या गावोगावी आल्या आणि वर्तमानपत्रांची पाने त्या फोटोंनी भरून गेली. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर २५ हजारांहून अधिक जवानांची नावे आहेत. तिथे शिपाई आणि अधिकारी असा भेद नाही.

बंधू-भगिनींनो, सरकारने करायचे ते सरकार करील. घरचे काम घरच्यांनीच केले पाहिजे. बीडीडी चाळींच्या जागी आता टॉवर उभे राहत आहेत. माणसे सामान आवरताहेत, आणि जुनी फुटकी फ्रेम सर्वांत आधी कचऱ्यात जाते. कृपया तसे करू नका.

फोटो किंवा कात्रण काढा. मागे पेन्सिलीने पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका, पलटण, शिपाई क्रमांक आणि मृत्यूची किंवा निवृत्तीची तारीख लिहा. वर्तमानपत्राचे नाव व तारीखही टिपा, नाहीतर कात्रण मुके होते. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचे कागद त्याच पाकिटात ठेवा. माहिती अपुरी असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. महार रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय मध्य प्रदेशातील सागर येथे आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावात. दोन्ही महायुद्धांतील मृतांची नोंद राष्ट्रकुल आयोगाच्या संगणकीय यादीत फुकट शोधता येते. अनेक नोंदींत आई-वडिलांचे नाव आणि गावही दिलेले असते.

आणि फोटोच नसेल तर? घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा. तो दिसायला कसा होता, शेवटच्या रजेवर आला तेव्हा काय म्हणाला, हे तिलाच ठाऊक असते. ते वहीत उतरवून घ्या. छापखान्याने ज्याचा चेहरा छापला नाही, त्याचा फोटो तीच.