टपाल नव्या घरी, पत्ता कुणाकुणाच्या दारी?

अमेरिकेत घर बदलताना टपाल खात्याकडे पत्ताबदलाचा अर्ज दिला की साधी पत्रं 12 महिने नव्या पत्त्यावर येतात, मासिकं मात्र 60 दिवसच. सोय मोठी आहे, पण तिची एक बाजू फारशी कुणी सांगत नाही. कायमच्या स्थलांतराची नोंद ‘एनकोआ-लिंक’ या यादीत जाते आणि टपाल खातं ती परवानाधारक कंपन्यांना वापरू देतं. ज्यांच्याकडे तुमचं नाव आणि जुना पत्ता आधीच आहे, त्यांना तुमचा नवा पत्ता कळतो. त्यात बँक आली, तशी जाहिरात कंपनीही. तात्पुरत्या स्थलांतराचा अर्ज या यादीत जात नाही. जिवाला धोका असलेल्या व्यक्तीने न्यायालयाचा संरक्षण आदेश टपाल कार्यालयात दिला, तर तिचा पत्ता उघड केला जात नाही. ही तरतूद पीडित स्त्रियांपर्यंत पोहोचायलाच हवी.

दुसरा धोका तोतयेगिरीचा. 2017मध्ये शिकागोतल्या एकाने ‘यूपीएस’ या बलाढ्य कुरियर कंपनीच्या मुख्यालयाचं टपाल एका साध्या अर्जावर स्वतःच्या फ्लॅटवर वळवलं. हजारो पत्रं आली, त्यांत धनादेशही होते. 2023पासून ओळखीची तपासणी कडक झाली आहे.

तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एवढं ध्यानात ठेवावं: ग्रीन कार्डसारखं इमिग्रेशन खात्याचं टपाल पुढे पाठवलं जात नाही. त्या खात्याला नवा पत्ता 10 दिवसांत वेगळा कळवा.