बाकी कोण उरलं?

मेहकरहून लोणारला निघालात की वाटेत सुलतानपूर लागतं. जिल्हा बुलढाणा, तालुका लोणार. इथल्या मुलांना समुद्र बघायचा तर जवळजवळ अख्खा महाराष्ट्र ओलांडून जावं लागतं. आणि आज मी गप्पा मारणार आहे समुद्रातल्या प्रवाळांच्या, तेही काचेच्या टाकीत वाढणाऱ्या! "सुलतानपूरचा आणि प्रवाळांचा काय संबंध?" असं विचाराल. आहे, चांगला घट्ट संबंध आहे. आधी घरातली पाणी तापवायची हीटरची कांडी बघून या. नुसती बघायची, आणि तीही प्लग काढलेला असतानाच.

दिसला तिच्यावरचा पांढरा, खरखरीत थर? आपल्या काळ्या दगडातून झिरपून विहिरीत आणि बोअरमध्ये आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड वायू उडून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरतं. तेच कांडीला चिकटतं. शंखशिंपले कॅल्शियम कार्बोनेटचेच, कोंबडीच्या अंड्याचं कवचही त्याचंच. आणि प्रवाळाचा सांगाडा? तोही त्याचाच!

प्रवाळ म्हणजे झाड की दगड?

दोन्ही नाही, प्रवाळ हा प्राणी आहे. मऊ, इवलासा. समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन तो स्वतःच्या बुडाखाली दगडी बैठक तयार करतो. असे हजारो जीव शेजारी शेजारी बसले, पिढ्यान्‌पिढ्या बांधत राहिले, की समुद्रात प्रवाळाचे खडक उभे राहतात. प्रवाळांसाठी महाराष्ट्राबाहेर जायला नको. आपल्या सिंधुदुर्गात मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर आत, भर समुद्रात 'आंग्रिया बँक' नावाचा एक बुडालेला उंचवटा आहे, त्याच्यावरही प्रवाळ आहेत. नाव ओळखीचं वाटलं ना? कान्होजी आंग्रे यांच्यावरूनच ते पडलं.

आता हिशेब बघा. १०० ग्रॅम प्रवाळाच्या सांगाड्यात ४० ग्रॅम कॅल्शियम आणि ६० ग्रॅम कार्बोनेट. अंड्याच्या कवचातही जवळपास तेच प्रमाण. म्हणजे बांधकाम करायचं तर दोन्ही माल हवेत आणि ठरलेल्या मापात हवेत. नुसतं कॅल्शियम ढीगभर असून उपयोग नाही.

काचेतला समुद्र

काही हौशी लोक घरी काचेच्या टाकीत समुद्र तयार करतात. गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात खास तयार केलेलं समुद्री मीठ घालतात. किती? लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरच्या टाकीला साडेतीन किलो! आपलं स्वयंपाकातलं मीठ मात्र इथे चालत नाही. ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या एका लिटरमध्ये त्याशिवाय साधारण १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ४०० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम, ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम, जेमतेम ८ मिलिग्रॅम स्ट्राँशियम आणि नखभर आयोडीन असतं. आणि बायकार्बोनेट तर हवंच.

झाली टाकी तयार, सोडले प्रवाळ. आता काय होईल?

धरून चाला, प्रवाळांनी रोज लिटरमागे ५ मिलिग्रॅम कॅल्शियम खाल्लं. १०० लिटरच्या टाकीत रोजचा अर्धा ग्रॅम गेला. आठवड्याभरात लिटरमागे ४२० चे ३८५ झाले. आणखी काही आठवडे असंच चाललं तर बांधकाम बंद! समुद्राला ही चिंता नाही. तो अफाट, शिवाय नद्या खडकांतले क्षार आणून ओततच असतात. टाकीला कुठली नदी? म्हणून जे संपलं ते माणसाने मोजून परत घालायचं. त्यासाठी बाजारात पूरक खनिजांच्या बाटल्या मिळतात.

त्यातली एक पद्धत तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतली आहे: चुन्याची निवळी! चुना पाण्यात घोळवायचा, खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी रात्री थेंब थेंब टाकीत सोडायचं. रात्रीच का? दिवसा उजेडात टाकीतली शेवाळं कार्बन डायऑक्साइड वापरून टाकतात. रात्री तो पाण्यात साठतो आणि पाणी थोडं आम्लतेकडे झुकतं. निवळी त्याला पुन्हा वर उचलते. त्या वायूशी मिळून तिच्यातून बायकार्बोनेट तयार होतं, आणि कॅल्शियम तर चुन्यात असतंच. एका दगडात दोन पक्षी. पण निवळी दाहक असते. तिचं काम मोठ्या माणसांचं, तुम्ही लांबूनच बघायचं.

दुसरी पद्धत दोन बाटल्यांची. एकीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत खायच्या सोड्याचा भाऊबंद. या दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी ओतल्या तर पाण्यात लगेच पांढरा ढग उठतो. कॅल्शियम आणि कार्बोनेट प्रवाळापर्यंत पोचायच्या आधीच एकमेकांना धरतात आणि खाली बसतात. महागाचा माल, थेट गाळात!

मग समुद्रात असा ढग का उठत नाही? तिथे मॅग्नेशियम मधे पडतं. वर्गात दोन गप्पिष्ट मैत्रिणींच्या मधे बाई तिसरीला बसवतात ना, तसंच. कॅल्शियम कार्बोनेटचा बारीक स्फटिक तयार व्हायला लागला की मॅग्नेशियम त्याच्या अंगाला चिकटतं आणि त्याची वाढ रोखतं. म्हणून टाकीत मॅग्नेशियम कमी झालं की बाकीचं कितीही ओता, हिशेब जुळत नाही.

आता चला लोणारला

सुलतानपूरहून लोणार जवळच. काळ्या बेसाल्ट दगडात अशनी आदळून झालेला, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा, आणि त्याच्या तळाशी सरोवर. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली. त्याच्या कितीतरी आधी, सोळाव्या शतकात, अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त इथल्या क्षारांबद्दल लिहिलं होतं. काच आणि साबण करायला ते वापरत.

काठावर धारेचं गोडं पाणी कोसळतं आणि तळात बघाल तर खारट, साबणासारखं बुळबुळीत पाणी! असं कसं? खड्ड्यात पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हाने वाफ होऊन उडतं ते फक्त पाणी. क्षार मागेच राहतात आणि वर्षानुवर्षं दाट होत जातात.

आता आपल्या वजाबाकीची खरी गंमत. पाणी आटत गेलं की कॅल्शियम आणि कार्बोनेट जोडीजोडीने खाली बसतात. एक गेलं की त्याच्या सोबत दुसरंही गेलं. मग शेवटी बाकी कोण उरतं? सुरुवातीला जे जास्त होतं ते! लोणारच्या दगडातून येणाऱ्या पाण्यात बायकार्बोनेटचं पारडं जड. म्हणून कॅल्शियम संपलं आणि सोडियमच्या जोडीने कार्बोनेट उरलं. सरोवर सोड्याचं झालं. त्याचा पीएच १० च्या आसपास मोजला गेला आहे. समुद्राचा असतो ८.१ च्या आसपास. पीएचमधला एक अंक म्हणजे दहापट फरक, तेव्हा लोणारचं पाणी समुद्रापेक्षा सत्तर-ऐंशी पटींनी अल्कधर्मी! समुद्रात नेमकं उलटं: तिथे कॅल्शियमचं पारडं जड, म्हणून कॅल्शियमची बाकी उरते.

पाण्यातून संपलेलं कॅल्शियम गेलं कुठे, याचा पुरावाही सापडला आहे. सरोवराच्या तळातून शास्त्रज्ञांनी गाळाचे लांब नमुने काढले. त्यात गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक मिळाले. हे सोडियम आणि कॅल्शियम या दोघांचं मिळून कार्बोनेट. पाणी फार आटलं, म्हणजे पाऊस फार कमी झाला, की ते तयार होतं. त्यामुळे जुन्या दुष्काळांची वहीच त्या गाळात लिहून ठेवलेली आहे.

अशा पाण्यात स्पिरुलिना नावाचे सूक्ष्मजीव मजेत वाढतात. प्रवाळ मात्र एक दिवसही टिकणार नाही. कार्बोनेट रग्गड आहे, पण कॅल्शियम कुठून आणणार?

करून बघा

अंड्याच्या कवचाचा तुकडा वाटीत ठेवा आणि त्याच्यावर लिंबू पिळा. बुडबुडे येतात ना? आम्लामुळे कार्बोनेटमधून निघालेला तो कार्बन डायऑक्साइड. कांडीवरून खरवडलेल्या पांढऱ्या पुडीवरही हाच प्रयोग करा, मात्र ती मोठ्यांकडून खरवडून घ्या. प्रवाळावर करायला जाऊ नका. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्या पंगतीला, पहिल्या अनुसूचीत आहेत. ते समुद्रातून तोडून आणणं हा गुन्हा आहे.

टाकी सांभाळणाऱ्यांचा एक नियम आपणही पाठ करून ठेवू: मोजल्याशिवाय काही घालायचं नाही. कमी पडलं तर वाढ थांबते, जास्त झालं तर ढग उठतो.

आता कोडं तुमच्यासाठी. उन्हाळ्यात टाकीतलं दोन लिटर पाणी वाफ होऊन उडालं. भर घालायची आहे. गोडं पाणी घालाल की खारं? लोणारच्या सरोवराला काय झालं ते आठवा आणि उत्तर कारणासकट लिहून पाठवा!