सेल्फ घेत नाही!

दिवाळीत जावयाने सासुरवाडीला जावे, चार दिवस करंज्या-अनारशांचा समाचार घ्यावा आणि कोणत्याही कामाला हात लावू नये, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. सेनगावी माझ्या सासऱ्यांच्या घरी हा शिरस्ता एका मोटारीपायी मोडला. मोटार अँबॅसडर, मार्क टू, १९७२ सालची. सासऱ्यांना आम्ही सारेच अण्णा म्हणतो. ही गाडी म्हणजे अण्णांची तिसरी लेक; फरक एवढाच, की तिला अजून सासरी धाडलेले नाही.

पाडव्याच्या पहाटे आत्याबाईंच्या, म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहिणीच्या, छातीत एकाएकी दुखू लागले. हिंगोलीच्या दवाखान्यात नेणे भाग होते. अण्णांनी सेल्फ मारला. ‘टक्’ असा एक आवाज झाला आणि पुढे सारे शांत. पुन्हा ‘टक्’. बॅटरी दसऱ्यालाच नवी घातलेली, दिवे लख्ख पेटलेले आणि इंजिन हूं की चूं करीना. चौऱ्याहत्तर वर्षांच्या अण्णांनी डिकीतून हॅंडल काढले आणि आम्ही ‘नको नको’ म्हणेपर्यंत फिरवलेही. हॅंडलाने उलटा हिसका दिला आणि अण्णा मनगट धरून मटकन खाली बसले. शेवटी शेजाऱ्यांच्या जीपमधून भाऊबहीण दोघेही हिंगोलीला गेले. आत्याबाईंना डॉक्टरांनी देखरेखीसाठी ठेवून घेतले. अण्णा संध्याकाळी उजव्या हाताला प्लॅस्टर घालून परतले.

मनगटाजवळचे हाड अशा तऱ्हेने मोडले, तर त्याला वैद्यकात ‘शोफर्स फ्रॅक्चर’, म्हणजे मोटारचालकाचा अस्थिभंग, असेच नाव आहे! पूर्वी हॅंडल मारताना इतक्या चालकांची मनगटे मोडली, की दुखण्याला त्यांच्या धंद्याचेच नाव पडले. हा छळ संपवला अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी. रोखीच्या हिशेबाच्या यंत्राला त्यांनी पूर्वी विजेची छोटी मोटार बसवली होती. जी मोटार क्षणभरच चालवायची, तिच्यावर तेवढ्यापुरता भार तिच्या कुवतीबाहेर टाकला तरी चालतो, हे त्यांनी तिथे ओळखले होते. तीच युक्ती त्यांनी मोटारगाडीत वापरली आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्या विजेच्या स्टार्टरसह बाजारात आल्या. आपल्याकडे सगळे त्याला ‘सेल्फ’ म्हणतात. तो क्षणभराचाच गडी आहे, हे मात्र आपण विसरतो. सेल्फ एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये त्याला थोडा दम खाऊ द्यावा. नाहीतर आतली तार तापते आणि जळते.

असो. त्या रात्री मेहुण्याने जाहीर केले, की गाडी भंगारात जाणार. त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. वर्षभरात शहरातल्या एका दुकानी सेल्फ दोनदा भरून आणला होता. टेबलावर ठेवला की भुंग्यासारखा फिरे. गाडीत बसवला की पंधरा दिवस बरे जात आणि पुन्हा ‘टक्’. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून अँबॅसडर निघणे २०१४ सालीच थांबले, तेव्हा सुटे भाग तरी किती दिवस शोधायचे? अण्णा काही बोलले नाहीत. जेवले मात्र अर्धेच.

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेच्या सकाळी, मी सेल्फ उतरवायचा म्हणून गाडीखाली शिरलो. तेवढ्यात गावातले ट्रॅक्टरचे मिस्त्री आले. या भागात सोयाबीन, तूर, हळद. त्यामुळे घरटी नसली तरी गल्लीगणिक ट्रॅक्टर आणि रानोरान पंप. त्यांच्या दुकानात सेल्फ आणि पंपाच्या मोटारी यांचा नुसता ढीग असतो.

“सेल्फ कामून काढायलेत, पाव्हणं?” त्यांनी विचारले.

“बिघडलाय म्हणून.”

“कुणी सांगितलं?”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मिस्त्रींनी आधी गिअर न्यूट्रलला आहे, हातब्रेक ओढलेला आहे, हे पाहिले. मग पुढचे दिवे लावायला सांगून मला सेल्फ मारायला लावला. दिवे मंद झाले असते, तर बॅटरी दुबळी किंवा सेल्फ अडकलेला. पार विझले असते, तर बॅटरीचे टर्मिनल ढिले. इथे दिवे जराही हलले नाहीत; म्हणजे वीज सेल्फमधून नीट वाहतच नव्हती. वाट कुठेतरी अडली होती.

नंतर त्यांनी भलताच प्रश्न विचारला. “चोकची तार बदलली का इतक्यात?”

बदलली होती, वर्षात दोनदा! तार आतल्या आत चिकटून बसे. अण्णांना एकदा चोकचा दट्ट्या गरम लागला होता, पण इंजिनाचीच ऊब असेल म्हणून कोणी लक्ष दिले नाही. मिस्त्री हसले. ट्रॅक्टरवरची जाड जोडवायर आणून त्यांनी तिचे एक टोक बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलला आणि दुसरे इंजिनाच्या खरवडलेल्या लोखंडाला लावले. मी सेल्फ मारला आणि अँबॅसडर पहिल्याच फेरीला गुरगुरली.

प्रकार असा. बॅटरीची वीज एका वाटेने सेल्फपर्यंत जाते, पण तिला परतही यावे लागते आणि ती परतते इंजिनाच्या व गाडीच्या लोखंडातून. आता इंजिन बसलेले असते रबरावर. म्हणून इंजिन आणि गाडीचे अंग यांना जोडणारी तांब्याच्या विणीची पट्टी असते. आमच्या गाडीची ही पट्टी हिरवी पडून तिचे चारदोन धागे उरले होते. बिचारी वीज मग चोकच्या तारेतून घरी परतत होती!

पुढच्या दिव्याला चारेक अँपिअर पुरतात. सेल्फला शंभर ते दोनशे लागतात. वाटेत ओहमच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा अडथळा असला, तर दिव्याला तो जाणवतही नाही. पण २०० अँपिअरला तोच अडथळा ४ व्होल्ट खातो आणि बारांतले आठच उरतात. घरात व्होल्टमीटर असेल, तर बॅटरीचे अर्थचे टोक आणि इंजिन यांच्यामध्ये तो धरून सेल्फ मारून पाहावा. काटा अर्ध्या व्होल्टापलीकडे गेला, तर चोर त्याच वाटेवर आहे.

सेल्फ कधी बिघडतच नाही, असे मात्र नव्हे. नुसताच घुंईं फिरला आणि इंजिन हलले नाही, तर बेंडिक्सच्या आट्यांत मळ साचलेला असतो. ते लहान चाक आट्यांवरून सरकत जाऊन फ्लायव्हीलच्या दात्यांत बसायचे असते. आट्या रॉकेलने धुवाव्या. पण जाड तेल किंवा ग्रीस घालू नये, कारण त्यावर क्लचची धूळ बसून ते पुन्हा चिकटते. चाक दात्यांत अडकून बसले, तर किल्ली बंद ठेवून, वरचा गिअर टाकून गाडी पुढेमागे हलवावी. कार्बन झिजले, तर बदलावेत. आर्मेचरचा तांब्याचा भाग बारीक काचकागदाने पुसावा. काही हौशी मंडळी तिथला अभ्रक डायनॅमोसारखा खाली कोरतात, तसे सेल्फमध्ये करू नये. सेल्फ उतरवण्याआधी बॅटरीची अर्थची वायर आधी काढावी आणि जोडताना शेवटी जोडावी. जुन्या विलायती घडणीच्या गाड्यांत कैकदा पॉझिटिव्ह टोक अर्थला असते, तेव्हा खुणा पाहूनच हात घालावा.

आणि हॅंडल मारायची वेळ आलीच, तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हॅंडल खालून वर ओढावे. वरून खाली कधीही दाबू नये. अण्णांनी नेमके दाबले होते.

मिस्त्रींनी नवी पट्टी बसवली, दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज खरवडला, चहा घेतला आणि पैसे इतके थोडे सांगितले, की मेहुणा खजील होऊन अंगणात निघून गेला.

दुपारी आम्ही अँबॅसडरने हिंगोलीला गेलो. आत्याबाईंनी खाटेवर बसूनच अण्णांना ओवाळले. दुखणे हृदयाचे नव्हते, असे सांगून डॉक्टरांनी त्यांना घरी सोडले. दवाखान्याच्या आवारात अण्णा म्हणाले, “सेल्फ मी मारणार,” आणि डाव्या हाताने त्यांनी तो मारलाही. मग शेजारच्या बाकावर सरकून त्यांनी चाक माझ्याकडे दिले.

वाटेत नरसी आले. नामदेवांचे दर्शन घ्यायचे का, असे अण्णांनी मागे वळून विचारले.

“घेऊ की,” आत्याबाई म्हणाल्या, “पण जावईबापू, तुम्ही गाडीतच बसा. आणि ती चालूच ठेवा.”