पस्तीस दिवस आणि त्यानंतरचे

घरातला मुलगा गर्द ओढतो आहे, हे आईवडिलांना फार उशिरा कळते. आधी वडिलांच्या पाकिटातले पैसे कमी होतात, मग वस्तू दिसेनाशा होतात, आणि एक दिवस संडासाच्या खिडकीत काळी पडलेली पन्नी सापडते. त्या रात्री घाटकोपरच्या चाळीत काय किंवा बोरिवलीच्या ब्लॉकमध्ये काय, दार लावून एकच कुजबुज सुरू होते. याला केंद्रात ठेवायचे, की घरी ठेवून दवाखान्यात न्यायचे?

काका म्हणतात, "ठेवा नेऊन महिनाभर, येईल ताळ्यावर." आई म्हणते, "नोकरी जाईल. आणि शेजारी काय सांगायचे?" दोघांचेही खोटे नाही, पण निर्णय या दोन्हींवर घ्यायचा नसतो.

आपल्याकडे दोन्ही वाटांचा अनुभव आहे. वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केले. गर्दने मुंबई पोखरली त्याच दशकात, १९८६ साली, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' उभे केले. तिथला निवासी उपचार पस्तीस दिवसांचा. दुसरीकडे, केईएम किंवा नायरसारख्या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभागात येऊन-जाऊन उपचार घेता येतात. गर्दच्या व्यसनावर जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सरकारी केंद्रांत रोज समोर बसवून दिली जाते. तिने तलफ आटोक्यात राहते आणि माणूस कामावर जाऊ शकतो.

मग निवड कशी करायची? पहिला प्रश्न शरीराचा. गर्द सोडताना होणारी 'टर्की' असह्य असते, पण ती सहसा जिवावर बेतत नाही. मात्र रोज भरपूर दारू पिणाऱ्याने किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय लागलेल्याने एकदम बंद केले, तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशांना सुरुवातीला डॉक्टरांच्या देखरेखीखाली दाखल करणेच शहाणपणाचे.

दुसरा प्रश्न घराचा. मुलुंडहून परळला जायचे, तर स्टेशनच्या वाटेवर जुना अड्डा लागतो का? सोबत जाणारे, रोज गोळी घेतली का ते पाहणारे कोणी आहे का? घरातच आणखी कोणी पिणारा आहे का? सोबत असेल, नोकरी टिकून असेल, मुलाची तयारी असेल, तर येऊन-जाऊन उपचार पुरतात. वाट अड्ड्यावरूनच जात असेल, पूर्वी दोनदा प्रयत्न फसला असेल, तर काही दिवस त्या वातावरणापासून दूर राहणे बरे.

केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. डॉक्टर कोण आहेत, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा. रुग्णाला साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद आहे. मारझोड म्हणजे उपचार नव्हे.

आणि एक गोष्ट फार थोड्या घरांना कोणी सांगते. केंद्रात महिनाभर राहून शरीराची गर्दची सवय उतरते. बाहेर आल्यावर मोहाच्या एका क्षणी त्याने पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर तीच त्याचा जीव घेऊ शकते. म्हणून परतल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत नाजूक. निवासी उपचार आणि येऊन-जाऊन उपचार हे एकमेकांचे वैरी नाहीत. पहिला संपतो तिथे दुसरा सुरू व्हायला हवा. पाठपुराव्याची तारीख केंद्रातून निघतानाच ठरवून घ्या. पाय घसरलाच, तर 'सगळे पाण्यात गेले' म्हणून दार लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

कुठून सुरुवात करावी ते सुचत नसेल, तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारता येते. शेजाऱ्यांना काय सांगायचे, ते नंतर ठरवू. आज मुलाजवळ बसून एवढेच विचारा, "उद्या माझ्याबरोबर येशील?"