सहलीबाबत शेवटचा शब्द कुणाचा?
गरोदर बाईला ‘या दिवसांत प्रवास नको’ असं घरात काळजीपोटीच म्हटलं जातं, पण वैद्यकीय सल्ला इतका सरसकट नाही. गुंतागुंत नसेल तर साधारण 14 ते 28 आठवड्यांचा काळ प्रवासाला सर्वांत सोयीचा मानतात. मळमळ ओसरलेली असते, पोटाचा भार अजून फार नसतो. पोटात एकच बाळ असेल तर अनेक विमान कंपन्या 36व्या आठवड्याच्या आसपासपर्यंत प्रवास करू देतात, मात्र त्याआधीच डॉक्टरांचं पत्र मागू लागतात. म्हणून सहलीवरून होणाऱ्या नवरा-बायकोच्या वादात ‘जायचं की नाही’ याआधी ‘कितव्या आठवड्यात आणि प्रसूतीची सोय असलेल्या रुग्णालयापासून किती दूर’ हे विचारायला हवं.

बाळ दोघांचं, मग निर्णय तिचाच का, हा नवऱ्याचा आक्षेप रास्त आहे. त्याची भीती ऐकायलाच हवी: रक्तस्राव होत असेल, रक्तदाब वाढला असेल किंवा वार खाली असेल तर डॉक्टरच थांबवतात, आणि तासन्‌तास बसून पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका गरोदरपणात खरोखर वाढतो. पण तपासणीत सारं ठीक असेल तर शेवटचा शब्द तिचाच असावा, कारण कंबर तिची दुखते, मधूनमधून उठून चालायचं तिलाच असतं. भीतीपोटी तिला अडवणं चूक, तसं त्यानं हौसेनं तिकिटं काढली म्हणून तिनं थकलेल्या अंगानं घाट चढावा, हेही तितकंच चूक.